एटीपी पडद्यापलीकडे जातो कसा? कागद-पेन घेऊन स्वतः सोडवायची पद्धत

बायोकेमिस्ट्री शिकणाऱ्या बहुतेकांचा एक घोळ असतो, माझाही होता. एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनतो कसा हे तोंडपाठ असतं, ग्लायकोलिसिस, क्रेब्ज सायकल, इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट, सगळं. पण बनलेला एटीपी बनला तिथून वापराच्या जागी पोचला कसा असं विचारलं की आपण गप्प. मी तर एका परीक्षेत एटीपी सिंथेजमधूनच (एटीपी बनवणारं प्रोटीनचं मशीन) बाण बाहेर काढून दाखवला होता, म्हणजे एटीपी त्या मशीनच्या भोकातून थेट पेशीद्रवात. मार्क गेलेच, आणि चूक काय हे कोणी सांगितलंही नाही, नुसती लाल फुली. म्हणून हे लिहितोय, पुढच्याची फुली वाचली तर बरं.

पाठांतराची ही गोष्टच नाही. एक रीत आहे, ती कुठल्याही पडद्याला लावता येते, मग तो मायटोकॉन्ड्रियाचा असो, हरितलवकाचा असो की बॅक्टेरियाचा. कागदावर एक उभी रेघ मारा, तो पडदा. डावीकडे बाहेर, उजवीकडे आत असं लिहा. आता चार गोष्टी ठरवायच्या: एटीपी बनतो कुठल्या बाजूला आणि लागतो कुठल्या बाजूला, आत जाताना आणि बाहेर येताना कोण किती चार्ज घेऊन जातंय, अदलाबदल आहे की एकतर्फी, आणि चार्जचा हिशोब जुळत नसेल तर बिल कोण भरतंय. चौथी गोष्ट लोक सोडून देतात आणि खरी गंमत तिथेच असते.

आधी एवढं पक्कं करा की एटीपी आपोआप पडदा ओलांडू शकत नाही. पडद्याचा मधला भाग तेलकट, आणि एटीपीवर पेशीतल्या पीएचला साधारण उणे ४ चार्ज, एडीपीवर, म्हणजे एटीपीतला एक फॉस्फेट तुटल्यावर उरतो त्याच्यावर, उणे ३. इतका चार्ज घेऊन तेलातून जाणं म्हणजे अशक्यच धरा. त्यामुळे जिथे जिथे एटीपी पलीकडे गेलेला दिसेल तिथे तिथे एखादं प्रोटीन दार म्हणून असणारच, ते शोधायचं.

पहिलं उदाहरण मायटोकॉन्ड्रिया, आणि ह्याच्यावर वेळ घालवा कारण बाकीचं सगळं ह्याच्याशी तुलना करूनच कळतं. मायटोकॉन्ड्रियाला दोन पडदे. एटीपी सिंथेजचं डोकं आतल्या बाजूला, मॅट्रिक्समध्ये लटकलेलं असतं, म्हणजे एटीपी मॅट्रिक्समध्येच पडतो आणि तिथेच अडकतो. वापर मात्र बहुतेक बाहेर, पेशीद्रवात. सिंथेजमधून पडदा ओलांडतात ते प्रोटॉन, एटीपी नाही. माझी चूक इथे होती. बाहेरच्या पडद्याचा प्रश्न सोपा आहे, तिथे व्हीडॅक नावाची प्रोटीनची नळी असते आणि एटीपी, एडीपी, फॉस्फेट त्यातून ये-जा करतात. खरी नाकाबंदी आतल्या पडद्यावर, आणि तिथे बसलंय एडीपी-एटीपी कॅरियर, जुन्या पुस्तकात ह्यालाच अ‍ॅडेनीन न्यूक्लिओटाइड ट्रान्सलोकेज म्हणतात, दोन्ही एकच, गोंधळू नका. १९६० च्या दशकात मार्टिन क्लिंगेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याचा मूळ अभ्यास केला.

आता कागदावर बाण काढा. एक एटीपी बाहेर, त्याच्या बदल्यात एक एडीपी आत, एकास एक. एटीपी उणे ४ घेऊन गेला, एडीपी उणे ३ घेऊन आला, म्हणजे प्रत्येक फेरीत एक ऋण चार्ज आतून बाहेर गेला. श्वसनसाखळीने (वरचं इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट तेच) प्रोटॉन बाहेर ढकलल्यामुळे मॅट्रिक्स आधीच ऋण झालेलं असतं, चालू मायटोकॉन्ड्रियात पडद्यावर १५० ते १८० मिलिव्होल्टच्या आसपास फरक असतो. ऋण जागेतून ऋण चार्ज बाहेर पडायलाच बघणार ना! त्यामुळे एटीपी बाहेर आणि एडीपी आत अशीच दिशा सोयीची पडते. कॅरियरला स्वतःला दिशा वगैरे काही माहीत नसते, तो दोन्ही बाजूंनी फिरू शकतो, दिशा ठरवतो तो व्होल्टेज आणि दोन्हीकडचं प्रमाण. हे एक वाक्य डोक्यात बसलं की अर्ध काम झालं.

किती जोर लागतो हे पण काढता येतं, अवघड नाही. शरीराच्या तापमानाला साधारण ६० मिलिव्होल्ट म्हणजे १० पट फरक, हा ढोबळ नियम लक्षात ठेवा. एका फेरीत एकच चार्ज जातो म्हणून १८० मिलिव्होल्टला १० गुणिले १० गुणिले १०, म्हणजे १००० पट. कशाचे १००० पट? बाहेरचं एटीपी भागिले एडीपी हे प्रमाण, आतल्या त्याच प्रमाणाच्या जास्तीत जास्त १००० पट होऊ शकतं. ही कमाल मर्यादा झाली, प्रत्यक्षात त्याच्या बरंच खाली राहतं कारण बाहेर वापर चालूच असतो. पण ह्यावरून कळतं की पेशीद्रवात एटीपी-एडीपीचं प्रमाण मॅट्रिक्सपेक्षा एवढं चढं का असतं. व्होल्टेज १२० वर आलं तर तीच मर्यादा १०० पटीवर, स्वतः करून बघा.

फुकट काहीच नाही. तो एक चार्ज गेला म्हणजे प्रोटॉन ढकलून जमवलेल्या व्होल्टेजमधून तेवढं कमी झालं. आणि एडीपी आत आला तरी एटीपी बनवायला फॉस्फेट पण लागतो, तो वेगळ्या कॅरियरने येतो आणि सोबत एक प्रोटॉन आत आणतो. तिथे चार्ज शून्य, पण पीएचच्या फरकातला एक प्रोटॉन खर्च. आता दोन्ही बिलं एकत्र करा: कॅरियरने चार्ज खर्च केला, फॉस्फेटवाल्याने प्रोटॉन, मिळून बरोब्बर एक पूर्ण प्रोटॉन. प्रत्येक एटीपीमागे वाहतुकीचा खर्च एक प्रोटॉन. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं, कारण जुन्या पुस्तकात एका ग्लुकोजला ३८ एटीपी आणि नव्यात ३० किंवा ३२ का, ह्याचं उत्तर बरंचसं इथेच आहे. बघा, माणसासारख्या प्राण्यांच्या एटीपी सिंथेजच्या फिरत्या चाकात ८ सी उपघटक असतात, एका फेऱ्याला ८ प्रोटॉन आणि ३ एटीपी, म्हणजे एका एटीपीला २.७ च्या आसपास. त्यात वाहतुकीचा १ मिळवा, ३.७. एका एनएडीएचमुळे, म्हणजे साखळीला इलेक्ट्रॉन आणून देणाऱ्या रेणूमुळे, १० प्रोटॉन बाहेर जातात, भागाकार करा, २.७ एटीपी. पाठ्यपुस्तकं ४ प्रोटॉन धरून २.५ लिहितात, तेही चालतं, पण ३ लिहिणारं पुस्तक वाहतुकीचं भाडं विसरलेलं आहे एवढं ओळखा.

३० आणि ३२ मधला फरक मात्र एनएडीएचच्या वाहतुकीमुळे. एनएडीएच पण आतला पडदा ओलांडत नाही, त्याच्या इलेक्ट्रॉनांना दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर बसून यावं लागतं. मॅलेट-अस्पार्टेट शटलने आले तर ३२ धरतात, ग्लिसरॉल फॉस्फेट शटलने आले तर ३०, कारण ते साखळीत पुढच्या स्टेशनवर चढतात आणि तेवढे प्रोटॉन कमी ढकलले जातात. ह्याच्यात इथे जास्त शिरत नाही.

कॅरियर आतून कसा दिसतो? लहानसंच प्रोटीन आहे, ३०० च्या आसपास अमिनो अ‍ॅसिड, पडद्यात ६ वळ्या (हेलिक्स), आणि ते तीन साधारण सारख्या तुकड्यांचं बनलेलं असतं. दोन फाटकं असलेली अरुंद बोळ समजा, दोन्ही फाटकं एकावेळी कधीच उघडी नसतात. बाहेरचं उघडं असताना एडीपी मधल्या जागेत बसतो, बाहेरचं मिटतं, आतलं उघडतं, एडीपी उतरतो, त्याच जागी एटीपी बसतो आणि उलटा प्रवास. दोन्ही फाटकं एकदम उघडली असती तर प्रोटॉनही घुसले असते आणि सगळं व्होल्टेजच बसलं असतं. हे नुसतं कल्पनेतलं नाही, दोन विषांमुळे दोन्ही अवस्था पकडता आल्या. कार्बॉक्सीअ‍ॅट्रॅक्टिलोसाइड हे एका काटेरी वनस्पतीतलं विष कॅरियरला बाहेर उघडा असतानाच जाम करतं, गायीच्या हृदयातल्या कॅरियरची अशी रचना २००३ मध्ये आली. बॉंगक्रेकिक अ‍ॅसिड हे बुरखोल्डेरिया जातीच्या बॅक्टेरियाचं विष त्याला आतल्या बाजूला उघडा असताना जाम करतं, ती रचना यायला २०१९ उजाडलं, आणि ती एका उष्णताप्रेमी बुरशीच्या कॅरियरची होती. मधल्या १६ वर्षांत कॅरियर जोडीने काम करतो की एकटा ह्यावर भरपूर वाद झाले, आता एकटाच करतो असं पुराव्यांवरून दिसतं.

एक बारकावा, जो मला पूर्ण एक दिवस घालवून कळला. हा कॅरियर मॅग्नेशियमला चिकटलेला एटीपी घेत नाही, मोकळाच घेतो. पेशीत बहुतेक एटीपी मॅग्नेशियमसोबत असतो. तुम्ही प्रयोगात मॅग्नेशियम ढीगभर टाकलं तर मोकळा एटीपी संपतो आणि वाहतूक मंदावते, मग आपण म्हणतो प्रोटीन खराब झालं. प्रोटीन ठीक असतं, आपलं बफर चुकलेलं असतं. मॅग्नेशियमसकट एटीपी नेणारा कॅरियर वेगळा आहे, तो फॉस्फेटच्या बदल्यात नेतो, कॅल्शियमने चालू होतो, आणि त्याचं काम मायटोकॉन्ड्रियातला एकूण न्यूक्लिओटाइडचा साठा कमीजास्त करणं. एकास एक अदलाबदल करणारा कधीच एकूण साठा बदलू शकत नाही ना, म्हणून हा दुसरा लागतो.

आता प्रयोग, कारण पेपरात बहुतेक वेळा ग्राफ देऊनच विचारतात. ऑक्सिजन इलेक्ट्रोडच्या (ऑक्सिजन किती उरला ते मोजणारं उपकरण) कपात ताजे मायटोकॉन्ड्रिया, इंधन आणि फॉस्फेट घातलं, ऑक्सिजन हळू हळू संपतोय. एडीपी टाकला, खप एकदम वाढला. आता कार्बॉक्सीअ‍ॅट्रॅक्टिलोसाइड टाकलं, खप परत खाली बसला. इथे घाई करून श्वसनसाखळी बंद पडली असं लिहू नका. अनकपलर टाका, म्हणजे पडद्यातून प्रोटॉन सरळ गळू देणारं रसायन, एफसीसीपी वगैरे. खप परत उसळला तर साखळी धडधाकट आहे, अडथळा एटीपी बनवण्याच्या किंवा वाहतुकीच्या बाजूला आहे. पण ऑलिगोमायसिनही अगदी असाच ग्राफ देतं आणि ते सिंथेजला अडवतं, मग दोघांत फरक कसा करायचा? मायटोकॉन्ड्रिया फोडून आतला पडदा उलटा करा, सिंथेजचं डोकं आता बाहेरच आहे, एटीपीला पडदा ओलांडायची गरजच नाही. सिंथेज उलटं फिरलं की एटीपी मोडतं, तेच काम त्यात मोजा. ऑलिगोमायसिन ते थांबवेल, कॅरियरचं विष थांबवणार नाही. हा प्रश्न पडदा आणि दिशा समजल्याशिवाय सुटतच नाही म्हणून मला आवडतो.

नुसता कॅरियर तपासायचा असेल तर शुद्ध प्रोटीन लिपिडच्या छोट्या फुग्यांमध्ये बसवतात. फुग्यांच्या आत एडीपी भरून ठेवायचा, बाहेर राहिलेला कॉलममधून काढून टाकायचा, मग बाहेर किरणोत्सारी एडीपी घालून किती आत गेला ते मोजायचं. रिकाम्या फुग्यांचा कंट्रोल विसरला तर सगळं पाण्यात. आत काहीच नसेल तर एकास एक अदलाबदल करणारा काहीच आत नेऊ शकत नाही, त्यामुळे रिकाम्या फुग्यात पण मोजमाप वाढत असेल तर ते चिकटणं आहे, वाहतूक नाही. प्रक्रिया ठरलेल्या सेकंदाला थांबवायला दोन्ही विषं एकत्र टाकतात. बॉंगक्रेकिक अ‍ॅसिड जरा आम्लधर्मी पीएचला चांगलं काम करतं, कारण त्याला आधी स्वतः पडदा ओलांडून आत पोचावं लागतं, हे बफर बनवतानाच बघून घ्या.

आता रेघ तीच ठेवून दुसरा पडदा, हरितलवक. लोकांना वाटतं हरितलवक एटीपी बनवतो म्हणजे बाहेर पाठवत असणार. तसं नाही. ऊर्जा बाहेर जाते, पण तीन कार्बनच्या साखरेचा फॉस्फेट बनून, फॉस्फेटच्या अदलाबदलीत. हरितलवकावर एटीपीचा ट्रान्सपोर्टर आहे तो उलट आत आणण्यासाठी, रात्री, किंवा साठवणीच्या भागातल्या रंगहीन लवकांत स्टार्च बनवायला. त्याला एनटीटी म्हणतात, १२ वळ्यांचा, मायटोकॉन्ड्रियाच्या कॅरियरशी त्याचं नातं काहीच नाही.

आणि हाच एनटीटी आपल्याला बॅक्टेरियात भेटतो. आधी साधा बॅक्टेरिया घ्या, ई. कोलाय. त्याचं एटीपी सिंथेज पेशीपडद्यात असतं आणि डोकं आत, म्हणजे एटीपी बनतो आणि लागतो दोन्ही पेशीद्रवातच. पडदा ओलांडायची गरजच नाही, म्हणून ट्रान्सपोर्टरही नाही. मग बाहेरच्या पडद्यावर, जिथे एटीपी नसतो, तिथे ऊर्जा पोचते कशी? टॉन-बी नावाची यंत्रणा आतल्या पडद्यावरचा प्रोटॉनचा जोर घेऊन लांब हाताने बाहेरच्या पडद्यावरचं दार ओढते, बी १२ आणि लोखंडाची संयुगं तशीच आत येतात. ऊर्जा गेली, एटीपी गेला नाही. इथे एक जुना गोंधळ मिटवून टाकतो: एबीसी ट्रान्सपोर्टर म्हणजे एटीपी नेणारा ट्रान्सपोर्टर नाही, तो एटीपी खर्चून दुसरंच काही नेतो, एटीपी पेशीद्रवाच्या बाजूलाच येऊन मोडतो. नावात एटीपी दिसला की बाण काढायची घाई नको.

रिकेट्सिया वेगळाच. टायफस ताप आणणारा हा बॅक्टेरिया आपल्या पेशीच्या आत राहतो, आणि १९७६ मध्ये हर्बर्ट विंकलर यांनी दाखवलं की तो यजमानाचा एटीपी सरळ आत घेतो आणि एडीपी बाहेर टाकतो. मायटोकॉन्ड्रियाच्या बरोब्बर उलट. क्लॅमिडियाही तेच करतो. हे सिद्ध करायला ई. कोलायचा उपयोग झाला, त्याला स्वतःचा एटीपी ट्रान्सपोर्टर नाही म्हणून रिकेट्सियाचं जनुक त्यात घालून बाहेरून किरणोत्सारी एटीपी दिला आणि तो आत जाताना दिसला. रिकाम्या फुग्याचाच कंट्रोल, फक्त जिवंत.

आता तुमची चौथी गोष्ट लावून बघा. एटीपी उणे ४ आत, एडीपी उणे ३ बाहेर. प्रत्येक फेरीला एक ऋण चार्ज आत साठतोय. आणि बॅक्टेरियाचं आतलं तर आधीच ऋण आहे! म्हणजे व्होल्टेज ह्या अदलाबदलीच्या विरोधात आहे, मायटोकॉन्ड्रियात जे फायद्याचं होतं ते इथे तोट्याचं. वनस्पतींच्या लवकातही हीच अडचण. मी हा हिशोब स्वतः कागदावर केला तेव्हा वाटलं आपलंच काहीतरी चुकलं असणार. चुकलं नव्हतं, हा प्रश्न खराच होता आणि त्याचं उत्तर २००८ मध्ये आलं: एनटीटी एडीपीसोबत फॉस्फेटही बाहेर नेतो. एटीपी मोडला की एडीपी आणि फॉस्फेट दोन्ही तयार होतात, दोन्ही एकदम बाहेर गेले की चार्जही जुळतो आणि फॉस्फेटही आत तुंबत नाही. म्हणून म्हणतो, चार्ज मोजा. हिशोब जुळत नसेल तर एकतर तुमची चूक आहे नाहीतर कोणीतरी प्रवासी अजून सापडायचा आहे.

क्लॅमिडियाकडे दुसरा ट्रान्सपोर्टरही आहे, तो अदलाबदल करत नाही, प्रोटॉनसोबत न्यूक्लिओटाइड एकतर्फी आत ओढतो. कारण उघड आहे, एकास एक अदलाबदलीतून ऊर्जा मिळते पण डीएनए-आरएनए बनवायला कच्चा माल मिळत नाही, एक आला की एक गेलाच. तिसरी गोष्ट, अदलाबदल की एकतर्फी, ती विचारायची ते ह्यासाठी.

बाकीचे पटकन. पेशीतल्या काही पुटिकांमध्ये (छोट्या पिशव्यांमध्ये) एटीपी साठवून बाहेर सोडतात, निरोप म्हणून, तिथे पंपाने प्रोटॉन आत भरल्यामुळे आतली बाजू धन असते आणि ऋण एटीपी आपोआप ओढला जातो, ट्रान्सपोर्टरचं नाव व्हीनट, २००८ मध्ये ओळखला. अधिवृक्क ग्रंथीच्या पुटिकांत एटीपी १०० मिलिमोलरच्या घरात जातो, पेशीद्रवात तो काही मिलिमोलर असतो. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये प्रोटीनच्या घड्या घालायला एटीपी लागतो, तिथला ट्रान्सपोर्टर एएक्सईआर अगदी २०१८ मध्ये हाती लागला. स्नायूत तर एटीपी लांब जातच नाही, मायटोकॉन्ड्रियाच्या दोन पडद्यांमध्येच त्याचा फॉस्फेट क्रिएटिनला दिला जातो आणि क्रिएटिन फॉस्फेट पुढे धावतो.

सरावाला एक देतो. मायक्रोस्पोरिडिया, पेशीत घुसून राहणारे परजीवी, बुरशीचे नातेवाईक. त्यांचे मायटोकॉन्ड्रिया झिजून मायटोसोम नावाचा ठिपका उरलाय, त्यात श्वसनसाखळी नाही, एटीपी बनत नाही. पण लोह-गंधकाचे गुच्छ जुळवायचं काम तिथेच चालतं आणि त्याला एटीपी लागतो. रेघ मारा, बाण कुठे जाईल सांगा. आत. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय ह्या जातीत ४ एनटीटी सापडले, ३ पेशीच्या पृष्ठभागावर यजमानाचा एटीपी ओढायला, आणि चौथा मायटोसोमवर, तोच चोरलेला एटीपी अजून एक पडदा आत न्यायला. ते जनुकही त्यांचं स्वतःचं नाही, बॅक्टेरियाकडून आलेलं आहे.